तिकडली बाजू

मामांच्या शेडमध्ये नवा माणूस कामाला लागला की पहिल्याच दिवशी त्याची फजिती ठरलेली. मामा शिडीवरून ओरडायचे, "अरे, उत्तरेकडचा पाना दे!" तो बिचारा समोर पडलेले दोन्ही पाने उलटसुलट करून बघायचा. मग सिद्धार्थ वेल्डर तोंडावरची काच वर करून सांगायचा, "तुझ्या गुडघ्याजवळचा न्हाई रे, त्याच्या पल्याडचा. आन् उद्या येताना सूर्य कुठून उगवतो ते बघून ये."

डावं आणि उजवं हे शब्द मामांना माहीत होते, पण त्यांच्यावर मामांचा काडीचा विश्वास नव्हता. "माणूस वळला की डाव्याचं उजवं होतंय. असल्या शब्दाचा काय भरोसा?" असं ते म्हणायचे. त्यांच्या राज्यात चहा पश्चिमेकडून वाटला जायचा, ड्रिल मशीन वायव्येला सरकवलं जायचं आणि मामी ताटात लोणचं ईशान्येला वाढायच्या. जालन्याच्या बाजारात त्यांचा ठरलेला न्हावी होता. त्याची खुर्ची मामांसाठी आधी पूर्वेला फिरायची आणि मगच वस्तरा निघायचा. "उत्तरेकडची मिशी बराबर झाली," मामा आरशात बघून म्हणायचे, "आता तिकडली घे."

तिकडली म्हणजे दक्षिणेची. दक्षिण हा शब्द मामांच्या तोंडून कुणीही ऐकला नव्हता. ती यमाची दिशा, म्हणून ते नुसती हनुवटी किंचित उचलायचे आणि 'तिकडली बाजू' म्हणायचे. आग्नेय चालायची. नैऋत्य हा शब्द ते खोकल्यासारखा उरकून टाकायचे. आणखी एक शब्द त्यांना वर्ज्य होता. खेड्यापाड्यात अंधार पडला की सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. मामा भर दुपारी, शहरात, डांबरी रस्त्यावर उभे असले तरी लांबडंच म्हणायचे. हे दोन शब्द सोडून मराठीतले बाकी सगळे शब्द ते वापरायचे आणि ट्रॉली वाकडी जोडली गेली तर त्यातले काही फारच मोकळेपणाने वापरायचे.

मी डिप्लोमा करून त्यांच्याकडे ड्रॉइंगच्या कामाला लागले ती एका बाणामुळे. मुलाखतीला नेलेलं माझं ड्रॉइंग त्यांनी टेबलावर पसरलं, कोपऱ्यातला उत्तरेचा बाण बघितला आणि त्यांचा चेहरा फुलला.

"हे कुणी शिकवलं ताई तुम्हाला?"

"कॉलेजात."

"मंग कॉलेजात कायतरी शिकवून राह्यलेत म्हणायचं."

मग त्यांनी कागद फिरवून तो बाण खऱ्या उत्तरेला लावला आणि स्वतः टेबलाभोवती चालत चालत ड्रॉइंग वाचलं. एकदा बाण लागला की कागद फिरवून वाचणं त्यांना मान्यच नव्हतं. पुढे सगळ्या शेडला तीच सवय लागली. मी ड्रॉइंग ठेवलं की मामा, सिद्धार्थ, फिटर, सगळे टेबलाभोवती गोल फिरायला लागायचे. बाहेरून कुणी बघितलं तर त्याला वाटावं, इथे रोज कसली तरी प्रदक्षिणा चालते. मला सुरुवातीला या सगळ्याचा फार राग यायचा. चार ओळींचं माप वाचायला माणसाने चक्कर येईपर्यंत का फिरायचं? पण मामा ज्या गंभीरपणाने फिरायचे ते बघून भांडायचं राहूनच जायचं, आणि नंतर नंतर मी घरी वर्तमानपत्रसुद्धा तसंच वाचायला लागले.

शेडमध्ये आम्ही खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, बियाण्यांच्या गोदामातले रॅक आणि मुख्य म्हणजे फाटकं बनवायचो. गावोगावच्या बंगल्यांना मामांची फाटकं होती. मात्र मामांचं स्वतःचं फाटक वेल्डिंग मारून कायमचं बंद केलेलं होतं. त्याचं असं झालं की औद्योगिक वसाहतीतला हा प्लॉट दोन रस्त्यांच्या मध्ये होता. मोठा डांबरी रस्ता दक्षिणेला, तिथे प्रशस्त फाटक. उत्तरेला एक चिंचोळी बोळ, शेजारी गटार. प्लॉट ताब्यात आल्याबरोबर मामांनी सिद्धार्थला बोलावून ते प्रशस्त फाटक डकवून टाकलं आणि बोळीच्या बाजूची भिंत फोडली. तेव्हापासून प्रत्येक ट्रॉली त्या बोळीतून निघायची, वळणावर अडकायची, एक चाक गटारात जायचं आणि शेजारच्या नटबोल्टवाल्याचे कामगार सवयीने हातातलं काम टाकून ढकलायला यायचे. बंद फाटकावर मामींनी दुधी भोपळ्याचा वेल चढवला होता. त्याला भोपळेही भरपूर लागायचे. मामींना विचारलं की त्या म्हणायच्या, "फाटकाचा कायतरी उपयोग व्हायला पाहिजे ना."

मामी शेडच्या मागच्या खोलीत सगळ्यांचा चहा करायच्या आणि मामांची थट्टा करण्याचा हक्क एकट्या त्यांच्याकडे होता.

मी तिथे दोन दिवाळ्या काढल्या आणि मग कामाला ओहोटी लागली. तयार दरवाजे, तयार जाळ्या बाहेरून यायला लागल्या. रंगीत, हलक्या, दोन बोटांनी उचलता येतील अशा. मामा त्यांना पत्र्याची पत्रिका म्हणायचे. पण लोक त्या घ्यायचे. एकेक माणूस कमी झाला. कुणी वाळूजला गेला, कुणी चाकणला. राहिलेल्यांत सिद्धार्थ होता. तो शहागडकडचा, मुलं जालन्यात शाळेत, बायको शिवणकाम करायची. मामांच्या शेडमधला प्रत्येक जोड त्याच्या हातचा होता. एके दिवशी जेवताना तो सहज सांगावं तसं म्हणाला, "मामा, चाकणला मित्रानं बोलून ठिवलंय. दिवाळी झाली की जाईन म्हणतो. पोरं इथंच ऱ्हातील, मी एकटाच जाईन."

मामांनी ताटातलं लोणचं ईशान्येकडून आग्नेयेला सरकवलं आणि परत ईशान्येला आणलं. सिद्धार्थ गेला तर शेड बंद करावं लागेल, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना कळत होतं.

आणि त्याच आठवड्यात पुण्याचे इंजिनिअर साहेब आले. त्यांची कंपनी आमच्या भागात सौरपंप बसवत होती. उन्हावर वीज करणाऱ्या प्लेटा ज्यावर बसवतात ती लोखंडी स्टँड गुजरातेतून ट्रकने यायची. एखादं भोक चुकलं तर परत ट्रक, परत वाट बघणं, तोवर शेतकरी फोन करून करून साहेबांचा जीव नकोसा करायचा. त्यांना इथेच स्टँड बनवून देणारा माणूस हवा होता. मामा ऐकता ऐकता खुर्चीच्या टोकावर आले.

"म्हणजे लोखंड आमच्या जालन्यात बनतंय, ऊन आमच्या जालन्यात पडतंय, अन् स्टँड गुजरातहून येतंय? कामून? आम्ही काय झोपा काढून राह्यलोत?" त्यांनी टेबलावर असा हात मारला की माझ्या पेन्सिली पश्चिमेकडून खाली पडल्या. "साहेब, एक न्हाई, पायजे तेवढे बनवू. पाइप इथले, बोल्ट शेजारचे, माणसं माझी. स्टँडला तोंड कुणीकडं ठेवायचं तेवढं सांगा."

"दक्षिणेला," साहेब म्हणाले.

मामा उठून उभे राहिले. "चहा घ्या साहेब," ते म्हणाले. त्यांच्याकडे बोलणं संपलं असं सांगायची ती पद्धत होती.

साहेबांनी पुष्कळ समजावलं. आपल्याकडे सूर्य बहुतेक वर्ष दक्षिणेकडे कलून चालतो, म्हणून प्लेटा तिकडे तोंड करून ठेवल्या की दिवसभर पाणी मिळतं. मामांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "सूर्य पूर्वेला उगवतो. माझ्या बापानं बघितलंय, म्या बघितलंय." साहेब गेल्यावर सिद्धार्थनेही प्रयत्न केला. "मामा, आमच्या वस्तीतल्या समद्या घरांची तोंडं तिकडंच हायेत, आमच्या गोदावरी गंगेकडं. आमचं काय वाकडं झालं?"

"तुमची गोष्ट येगळी."

"कामून येगळी?"

सिद्धार्थच्या घरी मामा कितीदा जेवून आले होते आणि जेवताना ताट फिरवून घ्यायचे तेवढंच. बराच वेळ ते खुर्ची इकडे तिकडे फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "ताई, साहेबाला फोन लावा. म्हणा, एक बनवून दावतो."

मी ड्रॉइंग केलं. एका खांबावरचं छोटं स्टँड, तळाला चौरस लोखंडी प्लेट, चार कोपऱ्यांना चार बोल्ट. बाण काढला आणि प्लेटांचं तोंड बाणाच्या बरोबर उलट दाखवलं. मामा टेबलाभोवती फिरले, त्या जागी आल्यावर भराभर पावलं टाकून पुढे गेले. स्टँड मात्र असं सुरेख झालं की सिद्धार्थ त्याच्यावरून हात फिरवत बसला. ते बसवायचं होतं केदारखेड्याला, मामांच्या गावी, त्यांचे चुलतभाऊ अण्णा यांच्या शेतात. मामा माणसं घेऊन गेले, कामगिरी करून आले. दुसऱ्या दिवशी साहेब बघायला येणार होते म्हणून मीही गेले. मामीही निघाल्या, कारण तिथून पुढे त्यांना पिंपळगाव रेणुकाईला देवीच्या दर्शनाला जायचं होतं.

शेतात पोचल्या पोचल्या मी आधी प्लेटांकडे बघितलं. स्टँड पूर्वेला तोंड करून उभं होतं.

"मामा!"

"बघा तर खरं," मामा म्हणाले. सकाळ होती. बोअरमधून पाणी असं धो धो येत होतं की अण्णांची नातवंडं त्यात नाचत होती. मामा बांधावर हात मागे बांधून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जगातल्या सगळ्या इंजिनिअरांबद्दल दया होती. "ऊन ते ऊनच असतंय, ताई. त्याला कुठल्याबी बाजूनं पकडा."

साहेबांना मात्र उशीर झाला. ते आले तोवर जेवणं झाली होती, सूर्य कलला होता आणि प्लेटांची पाठ तापत होती. धार बारीक होत होत करंगळीएवढी झाली. साहेबांनी धारेकडे बघितलं, स्टँडकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. सिद्धार्थ उगाचच एक बोल्ट पुसत होता. मला वाटलं, संपलं, गेला हा चाकणला.

अण्णा मात्र निवांत होते. खांद्यावर फावडं टाकून ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, एवढं तोंड पाडू नका. अर्धं रान भिजलं ना. राह्यलेलं राती जुन्या मोटरीवर देईन."

"राती?" मामा म्हणाले.

"मंग? या हप्त्यात लाइट रातचीच हाय. बॅटरी घेऊन जायचं. आपल्याला काय, सवय हाय."

मामा पलीकडच्या रानाकडे बघायला लागले. मध्ये एक बांध, त्यावर बाभूळ. पूर्वी ते रान त्यांच्या घरचं होतं. मग ते सावकाश म्हणाले, "दादाला साप चावला तवा दादा बी राह्यलेलंच पाणी देऊन राह्यला होता."

साप. त्यांनी साप म्हटलं. सिद्धार्थने बोल्ट पुसायचं थांबवलं. मला ती गोष्ट तेव्हाच अण्णांकडून कळली. मामांचे थोरले भाऊ रात्री पाणी द्यायला गेले होते ते त्या बाभळीखाली सापडले. दहाव्याला कुणी तरी शहाणा बोलून गेला की घराचं दार दक्षिणेला, म्हणून असं झालं. मामांच्या आईने ते दार विटांनी बुजवून घेतलं आणि मामा त्यानंतर शेतीत रमलेच नाहीत, जालन्याला आले. इतकी वर्षं आम्ही ज्या गोष्टीवर हसत होतो ती अशी होती. मला एकदम फार वाईट वाटलं.

मामी बांधावर बसल्या होत्या, देवीच्या ओटीची पिशवी मांडीवर. त्या म्हणाल्या, "अवो, परवा धनतेरस हाय. म्या दरसाल कणकेचा दिवा लावते, त्याचं तोंड कुणीकडं असतंय?"

मामांनी हनुवटी किंचित उचलली.

"आन् कशापायी लावते? घरात कुणाला अवेळी मरण येऊ नये म्हणून. यमाला दावायचा दिवा तिकडंच तोंड करून लावायचा, तुमच्या आईनंच शिकवलंय मला. मंग हे शेतात उभं केलंय ते काय हाय? अण्णा भाऊजी दिवसा पाणी देतील, राती घरी झोपतील. ह्यो बी दिवाच समजा की."

मामांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. "सिद्धार्थ, पाना दे."

"कुठला मामा? पूर्वेकडचा का..."

"कुठला बी दे!"

प्लेटा उतरवल्या, चार बोल्ट काढले, खांब उचलला आणि पाव फेरा फिरवून परत त्याच बोल्टांवर बसवला. बोल्ट चौरसात होते म्हणून ते जमलं, आणि चौरस मी काढला होता हे मी त्या दिवशी निदान तीन वेळा बोलून दाखवलं. साहेबांनीही बूट काढून मदत केली. प्लेटा परत चढवल्या तेव्हा धार फुगली आणि नातवंडं पुन्हा पाण्यात पळाली. साहेब मामांना म्हणाले, "काम पसंत आहे. भोकं बरोबर, जोड पक्के. फक्त दिशा आम्ही ठरवू."

"ठरवा," मामा म्हणाले, "पण साहेब, उद्या इसरू नका. जल्दी ऑर्डर पाठवा."

ऑर्डरचा शब्द मिळाला, पण त्यातही एक मेख होती. पाइप लांबलचक येणार, ते आणणारा ट्रेलर उत्तरेच्या बोळीत वळणं शक्यच नव्हतं. मामांनी रस्त्यावर उतरवून खांद्यावरून आणायची योजना मांडली. ती कुणी ऐकूनसुद्धा घेतली नाही. धनतेरसेला संध्याकाळी मामी कणकेचा दिवा घेऊन घरातून शेडवर आल्या, बंद फाटकासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "फाटक बंद असल्यावर दिवा दिसंल कसा त्याला?" मामांनी सिद्धार्थकडे बघितलं. सिद्धार्थने ग्राइंडर आणला. वेल मामींनी स्वतः सोडवून भिंतीवर चढवला, शेवटचा भोपळा काढून घेतला. आपलंच वेल्डिंग कापायला सिद्धार्थला इतका वेळ लागला की दिवा दोनदा विझला. "मजबूत मारलंय," तो घाम पुसत म्हणाला, आणि त्याला त्याचा अभिमान वाटत होता हे उघड दिसत होतं. फाटक करकरत उघडलं. मामी उंबऱ्यावर वाकल्या, रस्त्याकडे वात करून दिवा ठेवला. मामा शेडच्या आतच उभे होते, पण बघत होते.

पुढे त्या फाटकातून काय काय गेलं आणि आलं! शेजारच्या नटबोल्टवाल्याने ट्रॉल्या ढकलायचं काम सुटल्यावर आमचेच बोल्ट बनवायला नवं मशीन घेतलं. जस्ताचा मुलामा द्यायला माल लांब पाठवावा लागायचा, तर वसाहतीतच एकाने तो कारखाना टाकला. बोल्टांच्या पिशव्या भरायला आजूबाजूच्या बायका यायला लागल्या आणि त्यांच्या हसण्याने शेडचा आवाजच बदलला. चहावाल्याने मामींची चहाची जबाबदारी काढून घेतली, त्याबद्दल मामींनी त्याला कधी माफ केलं नाही. वाळूजला गेलेले दोघे परत आले. जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्याने जाताना आता मला रानात उभी असलेली ती स्टँड दिसतात, आणि एखादं जरा तिरकं दिसलं की मी गाडीतून खाली उतरून बघते. मामांनी ही सवय मला लावली.

पण माझ्या डोळ्यांपुढे कायम येतो तो पहिला ट्रेलर. दिवाळी नुकतीच झाली होती. सिद्धार्थची बॅग शेडच्या कोपऱ्यात भरलेली होती. चाकणची गाडी संध्याकाळी होती आणि जायचं की राहायचं हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मामांनी विचारलंही नव्हतं. शब्द मिळालेल्या ऑर्डरी हवेत विरतात हे दोघांनाही माहीत होतं. दुपारी बोळीच्या तोंडाशी मोठा हॉर्न वाजला. ट्रेलर जुन्याच पत्त्यावर, उत्तरेला येऊन थडकला होता. ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, "काका, पाइप आणलेत. आत कुठून घेऊ?"

शेडमधलं सगळं काम थांबलं. मामांनी हनुवटी किंचित उचलली. ट्रेलरवाल्याला त्यातून काय कळणार? त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि मग सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "दक्षिणेकडून! गाडी फिरव आन् दक्षिणेकडून घे!"

ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "दक्षिण-बिक्षिण मला समजत न्हाई काका. लेफ्ट का राइट, बिलकुल साफ सांगा!"

आम्ही सगळे हसत सुटलो. मामांचे डोळे मात्र भरून आले होते. "या ड्रायव्हरला कोण समजावणार?" ते सिद्धार्थकडे न बघता म्हणाले.

सिद्धार्थने कोपऱ्यातली बॅग उचलली. ती त्याने माझ्या टेबलाखाली, मामींच्या भोपळ्याशेजारी सरकवली आणि तो बोळीतून ट्रेलरपुढे धावत सुटला, जोरजोरात हात हलवत. "डावीकडं घ्या मालक, डावीकडं! माझ्या मागं या!"